भावंडांना पहिलं पत्र

पहिलं पत्र रजिस्टर करून पाठवू नका.

दत्तक गेलेलं कुणी मला विचारतं, ‘भावंडांचा पत्ता लागलाय, आता काय करू?’ तेव्हा मी सगळ्यांत आधी हे सांगते. मी सत्तावीस वर्षं पोस्टात काउंटरवर काढली आहेत. खेड्यात एखाद्या घरी रजिस्टरचं पाकीट आलं की माणसं कशी धास्तावतात हे पोस्टमन रोज येऊन सांगायचे. कोर्टाची नोटीस असेल, बँकेची असेल, जमिनीचं काहीतरी असेल. सही करून घ्यायची म्हणजे शेजारीपाजारी विचारणारच, ‘कुणाचं आलं?’ तुमच्या पत्रात जे असणार आहे ते पचवायला त्या घराला आधीच जड जाणार आहे. त्यात चारचौघांत सही कशाला? साधं बंद पाकीट, वर हाताने लिहिलेला पत्ता, एवढं पुरे.

पण पत्राची वेळ येईपर्यंत बरंच काही करावं लागतं. मी ते कसं केलं आणि कुठे चुकले ते सांगते.

माझा जन्म १९७३ च्या सुरुवातीचा, बीड जिल्ह्यातला. बहात्तरचा दुष्काळ होता. विहिरीच्या कामावर दरड कोसळून वडील गेले तेव्हा मी पोटात होते. माय तीन लेकरांना घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मी चार महिन्यांची असताना तिने मला एका संस्थेत दिलं. १९७४ साली संस्थेने कोर्टाची परवानगी घेऊन मला नाशिकच्या एका शिक्षक जोडप्याला दत्तक दिलं. ते माझे आई आणि बाबा. मी जिला आई म्हणते ती नाशिकची. ताई, दादा आणि मधली बहीण जिला माय म्हणतात ती माय. दोघींना दोन वेगळे शब्द मिळाले याचं मला फार बरं वाटतं. बोलताना कुणाचंही काही काढून घेतल्यासारखं होत नाही.

आधी घरात

शोध घ्यायचा तर तो आई-बाबांच्या पाठीमागे घेऊ नका. ते हयात नसतील तर गोष्ट वेगळी. आपण काहीतरी हुडकतोय हे त्यांना बाहेरून कळलं तर ती जखम भरून यायला वेळ लागतो. बाबा २०१४ मध्ये गेले. २०१७ मध्ये मी आईला सांगितलं, तेव्हा ती ऐंशीची होती. ती काही बोलली नाही. उठून लोखंडी कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातली पत्र्याची पेटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यात कोर्टाच्या हुकमाची नक्कल होती, संस्थेचं एक पत्र होतं आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक झबलं होतं. झबल्याच्या आतल्या शिवणीजवळ तपकिरी पडलेला तीन आकडी नंबर होता. ‘संस्थेतून आणलं तेव्हा तुझ्या अंगावर होतं. कितीदा धुतलं, पण तो नंबर जात नाही,’ आई म्हणाली. तो धोब्याचा बिब्ब्याचा रंग, तो जात नसतोच. नंतर कळलं की संस्थेच्या जुन्या वहीतला माझा नंबर तोच होता आणि त्यावरूनच फाइल सापडली. म्हणून कागद तर शोधाच, पण वस्तूही बघा. पितळी वाटी, कंबरेचा करगोटा, फोटोच्या पाठीवर लिहिलेली अक्षरं, काहीही उपयोगी पडतं.

हुकमाची नक्कल घरात नसेल तर ज्या न्यायालयाने हुकूम दिला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करता येतो. साल आणि अर्जाचा नंबर माहीत असेल तर काम लवकर होतं. दत्तकानंतरच्या जन्मदाखल्यावर साधारणपणे दत्तक आई-वडिलांचीच नावं असतात, त्यामुळे त्यावरून मागचा माग लागेल ही आशा धरू नका.

अर्ज

भारतात याची एक रीतसर वाट आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, १९९० पासून आहे. सध्या २०२२ चे दत्तक विनियम लागू आहेत. त्यांत मूळ कुटुंबाच्या शोधाची तरतूद आहे. वय अठरा पूर्ण असेल तर तुम्ही स्वतः काराकडे ऑनलाइन अर्ज करू शकता. अठराच्या आत असाल तर आई-वडिलांसोबत. मग काम संबंधित दत्तक संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि राज्याची दत्तक यंत्रणा यांच्याकडे जातं.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. जन्म देणाऱ्यांच्या खाजगीपणाचा हक्क तुमच्या हक्काने मोडत नाही. अविवाहित आईने मूल देताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती घ्यावी लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तरी मूल कोणत्या परिस्थितीत दिलं गेलं एवढं तरी तुम्हाला सांगितलं जातं. आणि दुसरं, हा शोध तिऱ्हाइताने घ्यायला परवानगी नाही. ‘पन्नास हजार द्या, महिन्यात घर दाखवतो’ असं सांगणारी माणसं भेटतील. त्यांना एक रुपया देऊ नका. असा माणूस गावात जाऊन चौकशी करतो, तेव्हा तुमच्या मायचं गुपित पानटपरीवर पोचलेलं असतं.

फाइलमध्ये जे मिळेल ते बहुधा थोडकंच असेल. माझ्या फाइलमध्ये दीड पान होतं. गावाचं नाव पिंपळावरून पडलेलं, आणि तशी गावं मराठवाड्यात जागोजाग. पत्त्यात पिन कोड नाही, कारण पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला आणि खेड्यात तो वापरात यायला वर्षं गेली. पण ‘पोस्ट’ या शब्दापुढे दुसऱ्या एका गावाचं नाव होतं. त्या पोस्टाखाली कोणती गावं येत होती ते मी शोधून दिलं. जुना पत्ता असेल तर ‘मु.’ आणि ‘पो.’ या दोन अक्षरांपुढची नावं वेगवेगळी लिहून घ्या, तालुक्याआधी ती उपयोगी पडतात. मी स्वतः मात्र त्या गावी गेले नाही. माहिती संस्थेतल्या बाईंना दिली आणि थांबले. हे थांबणं अवघड असतं. नाशिकहून एका दिवसात जाऊन येता आलं असतं. पण आपण गावात उतरलो की आपला चेहराच बोलायला लागतो. मी मायसारखी दिसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

फाइलमध्ये आणखी एक ओळ होती: ‘डाव्या पोटरीवर काळा डाग, रुपयाएवढा.’ ती आम्ही घरात जन्मखूण समजत होतो.

कुणाला लिहायचं

बाईंनी चौकशी करून कळवलं की माय २००९ मध्ये वारली. तिघं भावंडं आहेत. मला हुंदका आला. उशीर झाला याचा हुंदका होता तो. तुमच्याही वाट्याला असं येऊ शकतं, तेव्हा ते कळण्याच्या दिवशी एकटे राहू नका आणि त्या आठवड्यात पत्र लिहायला बसू नका. मी बसले होते. सहा पानं लिहिली. त्यात ‘का’ हा शब्द किती वेळा आला होता ते नवऱ्याने दाखवलं तेव्हा मला कळलं. ती पानं मी ठेवली आहेत, पाठवली नाहीत.

भावंडांनी तुम्हाला दिलेलं नसतं. ती लेकरं होती. जे विचारायचं ते मायला विचारायचं होतं आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे मागणं अन्यायाचं आहे. उलट त्यांचंही काहीतरी तेव्हा हरवलं आहे आणि त्यांना ते कुणी सांगितलेलंही नसेल. म्हणून पत्र असं हवं की ते वाचून ‘नाही’ म्हणणं त्यांना सोपं जाईल. माझं सगळं सांगणं खरं तर एवढ्या एका गोष्टीभोवती आहे. नकाराला जागा ठेवली की होकार मोकळा येतो.

सगळ्यांत थोरल्या भावंडाला लिहा, ज्याला तुमचा जन्म आठवत असेल त्याला. माझी ताई तेव्हा नऊ वर्षांची होती, दादा चारचा, मधली दोनची. दादाला लिहिलं असतं तर त्याला मी कुणीतरी खोटारडी वाटले असते.

आणि पत्र वाचणार कोण, हा विचार करा. ताई तिसरीपर्यंत शिकलेली. पत्र आलं तर तिचा नातू मोठ्याने वाचणार, पडवीत बसून. म्हणजे बारा वर्षांच्या पोराच्या तोंडी शोभेल आणि ऐकणाऱ्यांनी ऐकलं तरी कुणाची अब्रू जाणार नाही, असंच लिहायला हवं. मी मोठ्या अक्षरात, एका पानावर लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार. मी नाशिकला राहते. पोस्टात नोकरी करते. लग्न झालं आहे, दोन मुलं आहेत. १९७३ साली, दुष्काळात, मी तान्ही असताना एका संस्थेत होते. तिथून दत्तक गेले. संस्थेच्या कागदांवरून कळतं की तुमच्या घराशी माझं नातं असावं. मला चांगलं घर मिळालं. कुणावर राग नाही. मला काही मागायचं नाही. तुमची इच्छा असेल तर एकदा बोलावं असं वाटतं. नसेल तर उत्तर देऊ नका, मी पुन्हा त्रास देणार नाही. बोलावंसं वाटलं तर सोबतच्या पत्त्यावर संस्थेतल्या बाईंना कळवा. घाई नाही.’

नातं कोणतं ते लिहिलं नाही. मायचं नावही घातलं नाही. ज्याला समजायचं त्याला ‘दुष्काळात, तान्ही’ एवढ्यावर समजतं. फोटो ठेवू नका. व्हॉट्सॲपवर तर पहिला निरोप कधीच पाठवू नका, तो पाच मिनिटांत साऱ्या भावकीत फिरतो.

चार महिने काही आलं नाही. नोव्हेंबर २०१८ ते मार्च २०१९. या काळात दुसरं पत्र पाठवायचा मोह होतो. पाठवू नका, पत्रात शब्द दिलेला असतो. मार्चमध्ये बाईंचा फोन आला. ताईने नातवाकरवी फोन केला होता आणि एकच प्रश्न विचारला होता: ‘तिच्या डाव्या पायाला डाग हाय का, ते इचारा.’

तपासणी

डीएनए तपासणी आधी करायची की नंतर? मी म्हणेन, समोरचा मागेल तेव्हा. आपण होऊन काढलेला हा विषय त्यांना अविश्वासाचा वाटतो. आमच्याकडे दादाने मागितली आणि ते रास्तच होतं. जाण्याआधी एवढं माहीत असू द्या: आई किंवा बाप हयात असेल तर निकाल स्पष्ट येतो. फक्त भावंडांची तपासणी असेल तर निकाल शक्यतेच्या भाषेत येतो. सख्ख्या भावंडांचा डीएनए सरासरीने निम्मा जुळतो, सावत्रांचा पाव. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे, त्यामुळे एकाच घराण्यातली रक्तं पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेली असतात आणि चुलत-मावस भावंडंही नुसत्या आकड्यावरून सावत्र वाटू शकतात. माय आणि वडील आते-मामे भावंडं होती. हे आधीच प्रयोगशाळेत सांगा आणि आईकडून येणाऱ्या डीएनएची वेगळी तपासणी करून घ्या. तो डीएनए एकाच आईच्या सगळ्या लेकरांत सारखा असतो. ज्यांना स्वीडन, नेदरलँड्स अशा देशांत दत्तक दिलं गेलं ती मंडळी तिकडच्या कंपन्यांत नमुना देतात, पण त्या साठ्यांत खेड्यापाड्यातली आपली माणसं फारच थोडी. तिथे दूरचा नातलग सापडला म्हणून लगेच घर सापडलं असं मानू नका.

जमीन

हा विषय लोक टाळतात आणि तिथेच नाती तुटतात. पन्नास वर्षांनी बहीण उगवली की पहिला विचार सातबाऱ्याचा येतो. त्यात वाईट काही नाही, चार एकर कोरडवाहूवर तीन घरं जगत असतात. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तक गेलेल्याचं जन्मघराशी वारसाचं नातं तुटतं. सगळे एवढंच सांगतात. पण एक अपवाद आहे: दत्तक जाण्याआधी जी मालमत्ता तुमच्या हक्काची झाली असेल, ती दत्तकानंतरही तुमचीच राहते. आणि बाप वारला तेव्हा मूल पोटात असेल तर तेही वारस धरलं जातं. म्हणजे माझ्यासारखीचा हिस्सा लागू शकतो. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा मला रात्रभर झोप नाही. पत्रात ‘मला काही मागायचं नाही’ लिहिलं होतं ते खरंच होतं, पण दादाला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर?

मी त्याला स्वतः सांगितलं, तिसऱ्या भेटीत, ताईसमोर. तो बराच वेळ काही बोलला नाही. वर्षभराने मी हक्कसोडपत्र करून नोंदवलं. ताई नको म्हणत होती. तुम्ही तसंच करावं असं मी म्हणत नाही. कुणाची गरज वेगळी, कुणाचा हक्क सोडण्याजोगा नसेलही. एवढंच सांगते की पहिल्या भेटीत कुणी कागद पुढे केला तर सही करू नका, आणि तुम्हाला जे माहीत आहे ते लपवू नका.

भेट

पहिली भेट ना तुमच्या घरी, ना त्यांच्या. आम्ही संस्थेच्या खोलीत भेटलो, मे २०१९ मध्ये. बाई अर्धा तास बसल्या आणि मग उठून गेल्या. माझी चूक अशी झाली की मी नवरा, दोन्ही मुलं, तिघांच्या घरांसाठी साड्या, टॉवेल-टोपी, पेढ्यांचे पुडे असं सगळं घेऊन गेले. मला वाटलं, इतक्या वर्षांचं देणं. ताईचा चेहरा उतरला. आहेर घेतला की परत करावा लागतो, आणि त्या वर्षी तिच्या घरात लग्न होऊन गेलेलं. तुम्ही जाताना फळं न्या. घरच्यांना बाहेर चहा प्यायला पाठवा.

ताई पहिली दहा मिनिटं मला ‘तुम्ही’ म्हणत होती. तिला हटकू नका म्हणून बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, बरं झालं. तिने खाली बसून माझा पाय आपल्या मांडीवर घेतला, साडी वर सारली आणि डागावरून अंगठा फिरवला. ‘पोट फुगायचं तुझं. म्हातारीनं बिब्बा लावायला सांगितला, म्या लावला, ह्यो उतला. लई रडलीस. माय मला मारायला उठली व्हती.’ मग ती म्हणाली, ‘कामावर तुला म्याच घ्यायची. सुकडीतली चिमूटभर तुझ्या व्हटाला लावायची. एक दिस आले तर तू न्हाईस.’ पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. निघताना तिने पिशवीतून नारळ, मूठभर तांदूळ आणि खण काढून माझी ओटी भरली. ती घरून तयारीनेच आली होती.

बोलण्यात काय विचारावं याची यादी करून नेऊ नका. आजारांची माहिती, कुणाला साखर, कुणाला काही, हे विचारायचं असतं, पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत. जात वेगळी निघू शकते, हे आधीच मनाशी घोळवून ठेवा, म्हणजे तुमच्या घरातून कुणी बोललं तर तुमच्याकडे उत्तर असेल.

नंतर

पहिल्या वर्षी भाऊबीजेला आपण होऊन जाऊ नका. बोलावलं तर जा. मला दुसऱ्या वर्षी बोलावणं होतं, पण २०२० ची ती दिवाळी करोनाच्या दिवसांतली होती, मग फोनवरच ओवाळलं. पैशाचं काय करायचं ते नवरा-बायकोने आधी ठरवून ठेवा. एका भाच्याने बोअरसाठी उसने मागितले. मी म्हटलं, पहिल्या वर्षात मी कुणालाच देणार-घेणार नाही, असं ठरवलंय. तो रागावला, मग बोलायलाही लागला. दिले असते तर दुसऱ्याने मागितले असते आणि मग ताईने फोन करणं बंद केलं असतं.

आईला या सगळ्यात मागे ठेवू नका. प्रत्येक भेटीनंतर मी तिला सांगत होते. एकदा तिने विचारलं, ‘त्यांना माझा फोटो दाखवलास का?’ दाखवला नव्हता. पुढच्या खेपेला नेला. ताईने तो देवघरात ठेवला, मायच्या फोटोशेजारी.

उत्तर आलंच नाही, किंवा ‘नाही’ आलं, तर पुन्हा लिहू नका. पण फाइलमध्ये तुमचा आताचा पत्ता आणि फोन लेखी देऊन ठेवा, त्याची पोच घ्या. माणसं पाच-सात वर्षांनी, घरातलं कुणी थोरलं गेल्यावर, विचार बदलतात आणि तेव्हा ती संस्थेतच येतात. नंबर बदलला तर पुन्हा कळवा. आणि लिहून घेतलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचून बघा. माझ्या फाइलवर माझाच पिन कोड चुकीचा लिहिला होता, तो मी तिथल्या तिथे खोडून नीट लिहून आले.